दोन शिफारशी

१४ मार्च १९९९, रविवार. सकाळी अकराच्या सुमारास बन्सीभाऊ साळवे यांनी सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या टेबलावर एक हजार दोनशे पंचाहत्तर रुपये ठेवले. शंभराच्या बारा नोटा, पन्नासाची एक, विसाची एक, पाचाची एक. पैसे घरातले, म्हणजे विमलबाईंच्या भिशीतले. भिशी लागली तेव्हा विमलबाईंच्या मनात शिलाई मशीन होते. नवऱ्याने पैसे मागितल्यावर त्यांनी एकच विचारले, "यानं काम येईल का?"

"आधी नाव येईल," बन्सीभाऊ म्हणाले. "नाव आलं की काम येतंय."

टेबलापलीकडे तुषार पटारे बसला होता. मूळचा बेलापूरचा, पुण्यात शिकून आलेला, अजून तिशीही न गाठलेला. त्याने 'नगर उद्योग संपर्क' नावाची वेबसाइट काढली होती. इंटरनेट म्हणजे काय हे ठाऊक असलेली नगरमधली माणसे त्या काळी एका मिनीबसमध्ये मावली असती. पण तुषारने जे समजावले ते बन्सीभाऊंना पटले, कारण ते सरळ होते. जिल्ह्यातला जो तो कारागीर आणि छोटा धंदेवाला आपले नाव, काम आणि फोन त्यात टाकणार. ज्यांनी त्याच्याकडून काम करून घेतले, ते त्याच्या नावाखाली चार ओळी लिहिणार. मग पुण्याचा कारखानदार जागेवर बसून ते वाचणार आणि हवा त्याला बोलावणार. मध्ये कोणी नाही.

मध्ये कोणी नाही, हे शब्द ऐकून बन्सीभाऊ खुर्चीत पुढे सरकले होते.

"हजार रुपये वर्षाचे," तुषार म्हणाला. "फोटोचे दोनशे पंचाहत्तर वेगळे, मीच येऊन काढीन. आणि काका, दोन शिफारशी लागतील. कंपनीच्या अधिकाऱ्याच्या, लेटरहेडवर. त्या असल्या की नाव वर, जाड अक्षरात. नसल्या तर खाली, इतर मध्ये."

"दोनच?" बन्सीभाऊ हसले. "पोत्यानं आनून देतो की."

फॉर्म यशोधराने भरला. ती त्यांची थोरली मुलगी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि याच क्लासला येत होती. वडिलांना इथे आणण्याची खटपट तिचीच. "अनुभव?" तिने विचारले. "बावीस वरसं," बन्सीभाऊ म्हणाले. तिने लिहिले. "केलेल्या कामाची बिले?" या रकान्याशी मात्र तिचे पेन थांबले. तिने वर पाहिले. बन्सीभाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"ते ऱ्हाऊ दे सध्या," ते म्हणाले.

त्या रकान्यात काहीच लिहिता येत नव्हते, याचा इतिहास असा.

बन्सीभाऊंचे काम मोटरी भरण्याचे. कारखान्यातली मोटर जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार काढायची, खाचा साफ करायच्या, नव्या तारेचे वेढे मोजून भरायचे, व्हार्निश पाजून भट्टीत सुकवायचे. वेढा एक कमी पडला तर मोटर तापते, एक जास्त झाला तर ताकद देत नाही. १९७५ साली ते पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावहून नगरला आले ते दहावी नापास होऊन. एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली दीड वर्षात ते हे काम शिकले. पुढे नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एकेक कारखाना उभा राहत गेला आणि रोज कुठे ना कुठे मोटर जळू लागली.

काम होते आणि हातही होता, पण गेटच्या आत जायला कागद लागत होता. कारखाना ज्याला पैसे देतो, त्याचे नाव पुरवठादारांच्या रजिस्टरात हवे, छापील बिलबुक हवे, बँकेत चालू खाते हवे. बन्सीभाऊंकडे एक सायकल आणि एक पिशवी होती. तेव्हा रंगनाथशेठ पुढे आले. माळीवाड्यात त्यांचे विजेच्या सामानाचे दुकान होते आणि 'रंगनाथ इलेक्ट्रो वर्क्स' असे छापलेले बिलबुक होते. ठरले ते असे: काम बन्सीने करायचे, बिल शेठच्या नावाने जायचे, पैसे आले की रुपयातले पंधरा पैसे शेठचे. मोटर कारखान्यातून बाहेर पडताना गेटपासवर शेठच्या फर्मचे नाव आणि परत जाताना चलनावरही तेच. एकट्या बन्सीभाऊंची ही गोष्ट नाही. नागापूरमधल्या निम्म्या हातकामाचा धंदा त्या काळी असाच दुसऱ्याच्या बिलबुकावर चालत होता आणि कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते. बन्सीभाऊंनाही कित्येक वर्षे वाटले नाही.

१९९१ साली त्यांनी नागापूर फाट्यावर पत्र्याचा गाळा घेतला, 'साळवे मोटर रिवाइंडिंग' असा बोर्ड लावला, व्हार्निश सुकवायची भट्टी बांधली. वर्षाचे ३६४ दिवस गाळा उघडा असे, बंद फक्त १४ एप्रिलला. पण कारखान्यांच्या रजिस्टरात त्यांचे नाव चढले नाही. जिथे मोटर तिथे शेठचे बिल. विचारले की खरेदी खात्यातला कारकून म्हणायचा, "चाललंय ना? पैसे मिळतात ना? मग कशाला खाजवायचं?" बावीस वर्षांत बन्सीभाऊंनी हजारो मोटरी भरल्या असतील. कागदावर एकही नाही. बिले बघायला मागितली तर हाच माणूस बेरोजगार ठरला असता.

तरी शिफारशींची त्यांना चिंता नव्हती. मच्छिंद्र दरंदले त्यांना सोळा वर्षे ओळखत होते. प्रेस पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्याच्या देखभाल विभागाचे ते मुख्य. मोटर जळाली की तेच फाट्यावरच्या एसटीडी बूथवर फोन करायचे, "बन्सीला पाठवा," म्हणून. रंगनाथशेठला त्यांनी कधी फोन केल्याचे कोणी ऐकले नव्हते.

दरंदल्यांनी फॉर्म वाचला, चहा मागवला.

"बन्सी, तुझ्यासारखा हात नगरमध्ये नाही. हे मी चारचौघांत सांगेन."

"मग लिवा की सायेब. दोन वळी."

"सांगायला काय लागतं? लिहायचं म्हणजे..." त्यांनी कपाटातून रजिस्टर काढून उघडले. "हे बघ. मोटर रिवाइंडिंग, रंगनाथ इलेक्ट्रो वर्क्स. एकोणीसशे त्र्याऐंशीपासून. तुझं नाव कुठं आहे? मी लिहिलं की काम साळव्यांनी केलं, तर उद्या ऑडिटवाला विचारेल, मग सोळा वर्षं पैसे कुणाला दिले? रजिस्टरात नसलेला माणूस मोटरी गेटबाहेर नेत होता, तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"मग खरं काय त्ये सांगा त्यास्नी."

"खरं तुला ठाऊक, मला ठाऊक. बास की." दरंदल्यांनी रजिस्टर मिटले. "चहा घे, गार होतोय."

चहा घेऊन बन्सीभाऊ निघाले. पुढच्या आठवड्यात ते आणखी चार ठिकाणी गेले. चारही ठिकाणी त्यांना हाच हिशेब वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळाला. ज्यांच्या मोटरी त्यांनी आजारपणात, सणासुदीला, भर पावसात भरून दिल्या होत्या, त्यांचे पेन उचलले जात नव्हते. एकटा बर्फाच्या कारखान्यातला फोरमन कानिफनाथ म्हणाला, "बन्सीभाऊ, म्या लिवतो. पर मालक म्हनला लेटरहेड द्यायचं न्हाई. माझ्या वहीच्या कागदाव चालतंय का?" त्याने वहीचे पान फाडून दोन्ही बाजू भरून लिहून दिले, खाली सही केली, वर अंगठाही उठवला, म्हणजे खोटे म्हणायला नको. तुषारने ते पान अदबीने परत केले. लेटरहेड नव्हते.

२८ मार्चच्या रविवारी यशोधरा वडिलांना पुन्हा क्लासमध्ये घेऊन गेली. वेबसाइट सुरू झाली होती. तुषारने पुण्याला फोन जोडला, यंत्रातून बराच वेळ किरकिर आवाज आला आणि मग पडद्यावर अक्षरे उमटली.

मोटर रिवाइंडिंगच्या पानावर सगळ्यात वर, जाड अक्षरात, नाव होते: रंगनाथ इलेक्ट्रो वर्क्स. अनुभव बावीस वर्षे. शिफारशी पाच.

यशोधराने पहिली वाचली. "दिवाळीच्या दिवशी बोलावले तरी हजर. १९९३ साली लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कंप्रेसरची मोटर जळाली असता अठरा तासांत भरून दिली. यांच्यासारखा हात नगरमध्ये नाही. मच्छिंद्र दरंदले, मुख्य, देखभाल विभाग."

"पुन्यांदा वाच," बन्सीभाऊ म्हणाले.

तिने पुन्हा वाचली. त्या लक्ष्मीपूजनाला यशोधरा पंधरा वर्षांची होती. दादा, म्हणजे वडील, येतील म्हणून सगळी भावंडे पोह्यांची बशी घेऊन दारात बसली होती आणि दादा आले ते दुसऱ्या दिवशी, हाताला व्हार्निशचा वास घेऊन. रंगनाथशेठ त्या दिवाळीला कुटुंबासह तिरुपतीला गेलेले होते. बिल त्यांनी परत आल्यावर फाडले.

शिफारशींखाली एक चौकट होती. तिच्यात फोटो उतरायला लागला, वरून खाली, एकेक पट्टी. आधी पत्र्याचे छप्पर. मग भिंतीवर टांगलेली तारेची रिळे. मग भट्टीचे दार, त्याच्या कडीला बांधलेली लाल चिंधी. ती चिंधी विमलबाईंच्या जुन्या लुगड्याची होती, कडी तापते म्हणून बांधलेली. शेवटी बसायचे स्टूल, त्याचा एक पाय तारेने आवळलेला. बोर्ड तेवढा नव्हता. बोर्ड जिथे असायचा तिथे फोटो कापला होता.

"हे आपलं दुकान आहे," यशोधरा म्हणाली. आवाज चढला होता. "तुषार सर, हा फोटो आमचा आहे. सोळा तारखेला तुम्ही येऊन काढलेला. पावती आहे आमच्याकडे."

तुषारने चष्मा पुसला. "शेठ म्हणाले, ते युनिट त्यांचंच आहे. त्यांनी बिलांच्या फायली दाखवल्या ना. बावीस वर्षांच्या. तुमच्याकडे एक तरी बिल आहे का?"

"मग आमच्या नावासमोर फोटो कुठाय?"

"एकच फोटो दोघांच्या नावावर कसा टाकणार? साइटवर लोकांचा विश्वास राहायला पाहिजे."

बन्सीभाऊंचे नाव पानाच्या तळाशी होते. इतर. साळवे बी. के., नागापूर फाटा. फोटो नाही, शिफारस नाही. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी ते स्वतः वाचले, सावकाश, आणि बोट तिथून उचलले नाही.

स्वतःच्या पैशांनी काढलेला स्वतःच्या दुकानाचा फोटो दुसऱ्याच्या नावाखाली बघायला त्यांनी भिशीचे पैसे मोडले होते. याला काय म्हणायचे? चोरी म्हणावी तर चोराकडे सगळे कागद होते. फसवणूक म्हणावी तर एकही शब्द खोटा नव्हता, फक्त माणूस दुसरा होता.

"पैसे परत मागा दादा," घरी येताना यशोधरा म्हणाली.

"पैशाचं नंतर. आदी नाव."

"कुणाकडून आणणार नाव? सगळे तोंडावर गोड आहेत."

त्या दिवसापासून बन्सीभाऊंनी शेठचे काम घेणे बंद केले. बूथवरून निरोप आला की सांगायचे, "माझं बिल घेनार असाल तर येतो." निरोप येणे थांबले.

९ एप्रिलला, शुक्रवारी दुपारी, रंगनाथशेठ स्वतः स्कूटरवरून फाट्यावर आले. विमलबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. शेठनी स्टुलावर बसून रुमालाने मान पुसली आणि काम सांगितले. सुप्याला पुण्याच्या एका कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला होता. १४० जुन्या मोटरी नव्याने भरायच्या, वर्षभराचा ठेका, तीन लाखांचे काम. कंपनीने वेबसाइट बघून शेठना निवडले होते. उद्या त्यांचा इंजिनियर युनिट बघायला येणार होता.

"युनिट म्हंजी?" बन्सीभाऊंनी विचारले.

"हेच की. फोटो हाच आहे. असं कर, उद्या दोन तास बोर्ड उतरव. मी माझा लावतो. आणि तुझं मन मोडायचं नाही मला, या कामात पंधरा नको, दहाच घेतो."

विमलबाईंनी डबा उघडता उघडता ठेवून दिला. "शेठ, शिडी हाय आमच्याकडं. चढा तुमी. बगू, उतरतोय का त्ये."

"वहिनी, तुम्ही यात नका पडू."

"भिशी माझी हाय यात. पडू न्हाई तर काय करू?"

शेठ बन्सीभाऊंकडे वळले. आवाज खाली आणला. "बन्सी, विचार कर. मी नसतो तर तुला गेटच्या आत कुणी घेतलं असतं? तुझ्या नावाचं बिल त्या वेळी कुणी पास केलं असतं? का नसतं केलं, ते तुलाही ठाऊक आहे. मी कधी बोललो नाही, पण ठाऊक आहे."

शेठ खोटे बोलत नव्हते. सत्त्याहत्तर साली तिसगावच्या साळव्याच्या नावाने बिल फाडायला एकही कारकून तयार झाला नसता. शेठने दार उघडले हे खरे होते. आणि उघडलेल्या दारात बावीस वर्षे उभे राहून प्रत्येक खेपेला पंधरा पैसे घेतले, हेही खरे होते. संताप याचाच येतो, की असल्या माणसाला उपकारकर्ता म्हणावे लागते.

"ठाऊक हाय," बन्सीभाऊ म्हणाले. "म्हून तर आता पाहिजे. बोर्ड ऱ्हाईल तिथंच."

शेठ उठले. स्कूटरला किक मारताना म्हणाले, "उद्या मी त्याला घेऊन येणारच. त्याच्यासमोर तोंड उघडलंस तर नागापूरमध्ये तुला एक पंखा भरायला मिळणार नाही."

शनिवारी सकाळी जीपमधून पार्थ नावाचा इंजिनियर उतरला. पस्तिशीचा, बाह्या दुमडलेला, हातात वही. शेठ बरोबर होते. बोर्ड जागेवर होता. पार्थने आधी बोर्ड वाचला, मग वहीतला फोटोचा कागद काढून दुकानाशी ताडून पाहिला.

"हे आमचंच युनिट," शेठ घाईने म्हणाले. "बोर्ड जुना आहे. हे आमचे कारागीर."

"कारागीर मी हायेच," बन्सीभाऊ उभे राहिले. "पर दुकान माझं हाय सायेब. गाळ्याची पावती, लायटीचं बिल, समदं माझ्या नावावर. बगायचं का?"

"चिडलाय तो," शेठ हसले. "जुना माणूस आहे, कमिशनवरून रुसलाय. तुम्ही शिफारशी वाचल्यात ना?"

"वाचल्या. आता दरंदल्यांकडेच जायचं आहे मला," पार्थ म्हणाला. "शिफारस ज्यांनी लिहिली त्यांना भेटल्याशिवाय मी काम देत नाही."

"मग मीबी येतो," बन्सीभाऊ म्हणाले आणि खिशात पेचकस टाकून जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. पुढे बसलेले शेठ काही बोलेपर्यंत जीप निघाली होती.

दरंदले चौघांसाठी चहा सांगत होते, तेवढ्यात बन्सीभाऊ म्हणाले, "सायेब, कंप्रेसर बंद हाय नव्हं आता? त्या मोटरीचं झाकन उगडू का?"

दरंदल्यांना नाही म्हणायला कारण सापडले नाही. कंप्रेसरजवळ सगळे गेले. बन्सीभाऊंनी तारा जोडतात त्या पेटीच्या झाकणाचे चार स्क्रू काढले आणि झाकण उलटे करून पार्थच्या हातात दिले. आतल्या बाजूला पिवळ्या ऑइलपेंटने बारीक कुंचल्यात लिहिले होते: ४८ खाचा, वेढे २६, गेज १७. १३.११.९३. ब. सा.

मोटर भरणारा मिस्त्री हे नेहमी करतो. मोटर पुन्हा जळाली की वेढे पुन्हा मोजत बसायला नको, म्हणून आकडे आतच लिहून ठेवायचे, आणि चुकले तर कोणाचे चुकले हे कळावे म्हणून खाली आपली खूण करायची. रंगनाथशेठनी आयुष्यात एकही झाकण उघडले नव्हते. त्यामुळे हे आकडे कुठे असतात याची त्यांना कल्पनाही नव्हती.

"ब. सा. कोण?" पार्थने विचारले.

बन्सीभाऊ पुढच्या मोटरीकडे गेले. तिथेही ब. सा. तिसरीत एकाखाली एक तीन तारखा होत्या, ८४, ९० आणि ९६, तिन्हींखाली तीच दोन अक्षरे. अकरा झाकणे उघडून झाल्यावर पार्थ म्हणाला, "पुरे."

त्याने दरंदल्यांकडे पाहिले. "तुम्ही शिफारस कुणाची केली होती साहेब?"

"फर्मची," दरंदले म्हणाले. "रजिस्टरात फर्मच आहे. माझा नाइलाज."

"लक्ष्मीपूजनाला आली ती फर्म का?"

दरंदल्यांचा चेहरा उतरला. ऑफिसात परत आल्यावर त्यांनी स्वतःहून एक लेटरहेड ओढले, चार ओळी लिहिल्या, सही-शिक्का मारला आणि कागद बन्सीभाऊंपुढे केला. बन्सीभाऊंनी वाचला. "श्री. बन्सी साळवे हे मे. रंगनाथ इलेक्ट्रो वर्क्सचे अत्यंत कुशल व विश्वासू कारागीर असून..."

पुढचे त्यांनी वाचले नाही. कागद टेबलावर ठेवून त्यावर पेपरवेट ठेवला, उडू नये म्हणून.

"ह्यो नको सायेब."

"अरे, शिफारस पाहिजे होती ना तुला? लेटरहेड आहे, शिक्का आहे."

"माझी पाहिजे हुती. ही शेठची हाय."

शेठ खिडकीबाहेर बघत होते. पार्थने वही मिटली. जीपपाशी येऊन त्याने बन्सीभाऊंना सरळ सांगितले: कंपनीचा नियम आहे, ठेका द्यायचा तर शिफारस असलेल्या फर्मलाच. तो नियम मला मोडता येत नाही. पण बारा मोटरींपर्यंतचे काम चाचणी म्हणून मी माझ्या सहीने देऊ शकतो. बिल तुमचे, चेक तुमच्या नावाचा.

"बारा तर बारा," बन्सीभाऊ म्हणाले.

उरलेल्या एकशे अठ्ठावीस मोटरी श्रीरामपूरकडच्या कुठल्याशा फर्मला गेल्या. तिचे नाव यादीत होते आणि तिच्याकडे दोन शिफारशी होत्या. तिथे मोटरी कोण भरतो आणि बिल कोण फाडतो, हे कोणी विचारले नाही.

बारा मोटरी जूनअखेर पूर्ण झाल्या. बिल क्रमांक एक यशोधराने लिहिले. रक्कम २६,४०० रुपये. 'बन्सी कोंडिबा साळवे' या नावाचा चेक आला तेव्हा विमलबाईंनी तो उजेडात धरून दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "एवढं लांब नाव हाय व्हय तुमचं?" शिलाई मशीन त्याच आठवड्यात आले.

पण शेठनी धमकी खरी केली होती. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत नागापूरमधून एकही मोटर फाट्यावर आली नाही. घर चालले ते सुप्याच्या चेकवर आणि विहिरीच्या पंपांवर. शेठनी दुसरा मिस्त्री धरला. त्याने दरंदल्यांची कंप्रेसरची मोटर भरली, ती पाच आठवड्यांत जळाली. पुन्हा भरली, पुन्हा जळाली. सप्टेंबरात बूथवर फोन आला.

"बन्सी, ये रे जरा."

"येतो सायेब. आदी रजिस्टरात नाव घ्या."

"अरे, लाइन बंद आहे इथं."

"माझी बावीस वरसं बंद हुती. मी थांबलो का न्हाई?"

नाव नोंदवायला खरेदी खात्याने सहा आठवडे घेतले. फॉर्म, बँकेचे पत्र, विक्रीकराचा दाखला, फोटो. ऑक्टोबरच्या शेवटी दरंदल्यांच्या रजिस्टरात, रंगनाथ इलेक्ट्रो वर्क्सच्या खालच्या ओळीत, साळवे मोटर रिवाइंडिंग हे नाव चढले. बन्सीभाऊंनी मोटर भरली. ती अजून चालू आहे. पैसे महिन्याने मिळाले, पूर्ण. मग त्यांनी दरंदल्यांकडे पुन्हा कोरा फॉर्म धरला.

"आता तर रजिस्टरात हाय मी."

"अरे, पण एकदा एका फर्मची शिफारस केली," दरंदले म्हणाले, "आता त्याच कामासाठी दुसऱ्याची करायची, बरं दिसत नाही."

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी यशोधराने क्लासमध्ये पान उघडले. वर जाड अक्षरात रंगनाथ इलेक्ट्रो वर्क्स, पाच शिफारशी, लाल चिंधीच्या भट्टीचा फोटो, दिवाळीची ती तीन वाक्ये. सगळे जसेच्या तसे. खाली, इतर मध्ये, साळवे बी. के. पण आता त्याखाली दोन ओळी होत्या: "बारा मोटरी वेळेत भरून दिल्या. सहा महिन्यांत एकही परत आली नाही. काम स्वतः करतात, बिलही स्वतः देतात." खाली पार्थचे नाव, हुद्दा, पुणे.

"एकच आहे दादा," यशोधरा म्हणाली. "दोन लागतात."

"खरी हाय का?"

"खरी आहे."

"मग वाच जोरात," बन्सीभाऊ म्हणाले. "तुषार सरांना बी ऐकू दे."

तिने वाचले. तुषार पलीकडच्या टेबलावर पावत्या लावत होता. त्याने मान वर केली नाही.

शेठच्या नावावर बन्सीभाऊंनी भरलेली शेवटची मोटर २४ मार्च १९९९ ची. बिल दोन हजार दोनशे चाळीस. पंधरा टक्के वजा जाता बन्सीभाऊंचे एक हजार नऊशे चार. मिळाले दीड हजार. रंगनाथशेठकडून चारशे चार रुपये अजून येणे आहेत.